ओझे उतरवताना

कान्हे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता सोडून आत वळले, की टाकवे बुद्रुकपासून आंदर मावळ सुरू होतो. आंद्रा नदीचे हे खोरे. पुढे वडेश्वर, खांडी आणि अगदी टोकाला कुसूर. त्यापलीकडे सह्याद्री एकाएकी तुटतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. या खोऱ्याचे पाणी टाटांच्या कंपनीने ठोकळवाडीला अडविले आणि १९२२ सालापासून त्यावर घाटाखाली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. मुंबईचे दिवे लागले. खोऱ्यातल्या माणसाने मात्र पुढेही कित्येक वर्षे आपले भाताचे भारे डोक्यावरूनच खळ्यावर आणले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टाकव्याला आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी मी गेलो होतो. घरधनी तेथल्याच एका कारखान्यात कामाला. प्रार्थना झाली, जेवण झाले, आणि शतपावलीसाठी म्हणून आम्ही वडेश्वरच्या रस्त्याने जरा पुढे गेलो. भातकापणी ऐन भरात होती. इंद्रायणीचा वास हवेत होता. (हे वाण १९८७ साली याच तालुक्यातील वडगावच्या भात संशोधन केंद्रात सिद्ध झाले, हे मावळात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.) खाचराच्या बांधावरून एक वृद्ध गृहस्थ डोक्यावर भारा घेऊन येत होते. बांध वीतभर रुंद, एका बाजूला ओल, आणि भारा सहज वीस-पंचवीस किलोंचा. खळ्यावर भारा टाकला, चुंबळ सोडून तोंड पुसले आणि परत निघाले. मी सहज वय विचारले.

“काय ठावं! पानशेत फुटलं तवा मी शाळंत व्हतो.”

पानशेत फुटले १९६१ साली. म्हणजे बाबांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती. मी त्यावेळी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या डाव्या मनगटाला अजून पट्टा होता.

त्या पट्ट्याची कथा सांगितल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या पावसात धर्मगुरुनिवासाच्या ओल्या पायरीवर माझा पाय घसरला. पडलो तो उभ्या उंचीवरून, हात टेकून. मोठा अपघात म्हणावा असे त्यात काहीच नव्हते. मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालून झाल्यावर अस्थितज्ज्ञांनी एक विचित्र प्रश्न विचारला, “फादर, दिवसभरात तुम्ही उचलता काय?” मी विचार करू लागलो. वेदीवरचा चषक. वाचनाचा ग्रंथ. दफ्तरातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, त्याही हल्ली सेक्रेटरी बाई आणून देतात. मोबाईल फोन. यादी तिथेच संपली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लिहून दिली.

या तपासणीत निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी आपल्या हाडांची तुलना करून एक आकडा काढतात, त्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे एकपर्यंत ठीक. उणे एक ते उणे अडीच या दरम्यान हाडे विरळ झाली असे समजायचे. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला, की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे सच्छिद्र व ठिसूळ झाल्याचा आजार, असे नाव मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखलेली ही रेषा. माझ्या कण्याचा आकडा उणे २.६ होता आणि खुब्याचा उणे २.१.

“पण हा तर बायकांचा आजार ना?” मी विचारले. आपल्या सगळ्यांचाच हा समज असतो. तो निराधार नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने झिजतात, पुरुषांचे तसे एकदम होत नाही. त्यांची झीज सावकाश, चोरपावलांनी होते आणि दहाएक वर्षांनी तीच पायरी गाठते. म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जगभरात पन्नाशी उलटलेल्या दर पाच पुरुषांपैकी एकाला उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे अस्थिभंग होतो असा अंदाज आहे. आणि खुब्याचे हाड मोडल्यानंतर पहिल्या वर्षभरात दगावण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक असते. हे वाक्य डॉक्टरांनी अगदी सहज उच्चारले. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या धर्मग्रामातील एक चेहरा उभा राहिला.

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. निवृत्त कारकून, सत्तरीचे, मितभाषी. रोज सकाळच्या मिस्साला तिसऱ्या बाकावर. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व ज्येष्ठांचा दिवस पाळण्याची प्रथा घालून दिली. २०२२ सालच्या त्या रविवारी मी प्रवचनात मुलांना बजावले होते की, आईवडिलांनी आयुष्यभर ओझी वाहिली, आता त्यांच्या हातात पिशवीसुद्धा राहू देऊ नका. वाक्य टाळी घेणारे होते. मंदिरात टाळ्या वाजवीत नाहीत, तरी काही जणांनी वाजविल्याच. मिस्सानंतर या गृहस्थांचा मुलगा मला भेटला आणि समाधानाने म्हणाला, “फादर, आम्ही पप्पांना काहीच करू देत नाही. रिटायर झाले त्या दिवसापासून दळणसुद्धा मी आणतो.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या शेजारी उभे असलेले पप्पा काहीच बोलले नाहीत.

त्याच वर्षी आगमनकाळात एका पहाटे ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, व्यवस्थित झाली. पण ते पुन्हा धड उभे राहिले नाहीत. प्रथम न्यूमोनिया, मग शय्याव्रण, मग पुन्हा छातीचा विकार. मी दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असे. ऑगस्ट २०२३ मध्ये मी त्यांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग दिला आणि चौथ्या दिवशी त्यांचा अंत्यविधी केला. माझ्या प्रवचनाने त्यांचे हाड मोडले असे मी म्हणणार नाही. पाच महिन्यांत हाड असे विरघळत नाही. ते गेली बारा वर्षे, पेन्शनच्या पहिल्या महिन्यापासून, विरघळत होते. मी फक्त त्यावर ख्रिस्तसभेच्या वतीने शिक्का मारला होता.

आंदर मावळातील त्या बांधावर उभा असताना माझ्या मनात हे सगळे होते.

हाड ही वस्तू मला अनेक वर्षे दगडासारखी वाटत आली होती. एकदा घडली, की घडली. यहेज्केलाने पाहिलेल्या त्या खोऱ्यातली हाडेही कोरडी ठणठणीत होती, आणि त्यांवर मांस आणि श्वास बाहेरून यावा लागला. पण जिवंत माणसाचे हाड तसे नसते. त्यात एकीकडे जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी काम करीत असतात, दुसरीकडे नवे हाड भरणाऱ्या. गवंडी आणि बेलदार एकाच भिंतीवर एकाच वेळी कामाला लावावेत, तसे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहा टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. आणि या दोघांवर देखरेख करणाऱ्या तिसऱ्या पेशी हाडाच्या आतच गाडलेल्या असतात. हाड किंचित वाकले, दाबले गेले, की त्यांच्याभोवतीचे द्रव हलते आणि त्यांना कळते की येथे भार पडतो आहे, येथे बांधकाम हवे. भार पडेनासा झाला, की त्या उलट निरोप धाडतात: येथे एवढ्या जाड भिंतीचे काम नाही, मोडून टाका. शरीर मोठे काटकसरी आहे. जे लागत नाही ते ते सांभाळीत नाही.

भारानुसार हाडाची अंतर्रचना बदलते, हा सिद्धांत बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याची प्रचीती पुढे मजेदार ठिकाणी आली. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरणांनी तपासणी झाली. पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा जवळजवळ ३५ टक्के जाड निघाली. एकच माणूस, एकच आहार, एकच रक्त. फरक फक्त रॅकेटचा. याच्या उलट टोकाला अंतराळवीर. वजनच नसलेल्या त्या जगात खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. म्हणून त्यांना तेथे रोज तासन्‌तास पट्ट्यांनी स्वतःला जखडून घेऊन व्यायाम करावा लागतो. १९८४ साली आपले राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांनी तेथे योगासने करून पाहिली होती, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल.

हे वाचून माझा पहिला प्रतिवाद असा होता की, मी तर रोज गुडघे टेकतो. गुडघ्यांवर भार पडतोच की! पण येथेही शास्त्राने मला निरुत्तर केले. पक्ष्याच्या पंखातील हाडावर मोजून मापून भार देण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी केले. भार एकसारखा, स्थिर ठेवला, तर हाड त्याची दखलच घेत नाही. तोच भार देऊन-काढून, देऊन-काढून असा दिला, तर हाड वाढते. आणि त्यासाठी दिवसात अवघ्या ३६ वेळा तो देणे पुरेसे ठरले. त्याच्या पन्नासपट वेळा देऊनही अधिक काही मिळाले नाही. हाडाला दीर्घ साधना नको असते. थोडे, जोरकस आणि हिसक्याचे असे काही तरी हवे असते, आणि मग विश्रांती. पोहण्याने हृदयाला फायदा होतो, हाडाला फारसा नाही, कारण पाणी आपला भार उचलून धरते. सायकलीचेही तेच. नुसते सपाटीवर सावकाश चालणे चांगलेच, पण झिजलेले हाड भरून काढायला ते अपुरे पडते. ही गोष्ट मला कडू लागली, कारण जपमाळ ओढीत आवारात फेऱ्या मारणे हाच माझा एकमेव व्यायाम होता आणि त्यात परमार्थ व स्वार्थ दोन्ही साधतात अशी माझी समजूत होती.

वाचकहो, सेमिनरीत आम्ही असे नव्हतो. दुपारी चारला घंटा झाली, की सर्वांनी मैदानावर. फुटबॉल, व्हॉलीबॉल, आणि ज्याला खेळ नको त्याला बागेत कुदळ. आमचे एक वृद्ध गुरुजी संत बेनेडिक्टांचा दाखला देत. सहाव्या शतकातल्या त्या संतांनी आपल्या नियमावलीत मठवासीयांसाठी प्रार्थनेइतकेच हातांचे श्रम आवश्यक मानले होते. आम्हाला तो दाखला कंटाळवाणा वाटे. खेळ मात्र आवडे. दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदान संपले. कोणी बंदी घातली नव्हती. झगा घातलेल्या माणसाने चेंडूमागे धावणे शोभत नाही असे आधी इतरांना वाटले, मग मलाही. हातातली बॅग घ्यायला कोणी तरी पुढे येई. खुर्ची ओढायला कोणी तरी पुढे येई. आपल्या समाजात धर्मगुरूवर इतके प्रेम असते, की त्याला स्वतःची छत्रीही धरू देत नाहीत. या प्रेमाची किंमत माझ्या मणक्यांनी मोजली, असे मी विनोदाने म्हणतो, पण तो पूर्ण विनोद नाही.

एक दिलासा मात्र आहे. तरुणपणी हाडावर केलेला खर्च अगदीच बुडीत जात नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या फेकीच्या हाताचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खेळ सोडून कित्येक दशके लोटलेल्या वृद्ध खेळाडूंतही त्या हाडाला मिळालेल्या आकारातील सुमारे निम्मा आणि बळकटीतील सुमारे एक-तृतीयांश लाभ टिकून राहिल्याचे दिसले. म्हणून मला आता आपल्या मुलांची अधिक काळजी वाटते. हाडे भरण्याचा खरा हंगाम म्हणजे वयात येण्याच्या आगेमागेची काही वर्षे. विशी ते तिशीच्या दरम्यान ही शिल्लक सर्वोच्च पातळीला पोहोचते आणि नंतर फक्त काढत राहायचे असते. तीच वर्षे आमची मुले एका शिकवणीतून दुसऱ्या शिकवणीला स्कूटरच्या मागे बसून जाण्यात घालवितात. दहावीच्या वर्गातील मुलांना मी क्रिकेट बंद केल्याबद्दल शाबासकीही दिलेली आहे. ती परत घेण्याची ही जागा आहे.

आता त्या बाबांकडे परत जातो. त्यांच्याविषयी लिहिताना एक मोह टाळायला हवा. शहरातून आलेल्या माणसाला खेड्यातला म्हातारा दिसला, की त्याला तो ऋषीच वाटतो. बाबांनी खळ्यावर बसून धोतर वर केले आणि मला गुडघे दाखविले. दोन्ही गुडघे सुजून वाकडे झालेले. “हाडं धड हायेत, गुडघं गेलं,” ते म्हणाले. हाड भाराने बळावते, पण सांध्यातली कूर्चा अतिभाराने झिजते. निसर्गाचे हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत असतात. शिवाय श्रम म्हणजे सर्व काही नव्हे. विटा-सिमेंट पुरविलेच नाही, तर गवंडी काय करणार? आयुष्यभर ओझी वाहूनही अन्नात कॅल्शियम व प्रथिने नसल्याने ज्यांची हाडे पोकळ राहिली, अशी माणसे, विशेषतः स्त्रिया, आपल्या गरीब वस्त्यांतून मी पाहिली आहेत. मावळच्या डोंगरउतारावर नाचणी होते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये एक हजार मिलिग्रॅम ठरविली. बाबांच्या घरी भाकरी नाचणीची होती. नव्या घराच्या मेजवानीत आम्ही मात्र मैद्याचा केक कापला होता.

बाबांचा धाकटा भाऊ मुंबईला डबे वाहायचा. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, मुळशी, राजगुरुनगर या भागांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेली ही सेवा मावळ्यांच्या खांद्यावर आणि डोक्यावर उभी राहिली. चर्चगेट स्टेशनाबाहेर डब्यांनी भरलेली लाकडी पाटी डोक्यावर घेऊन पळणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. शिवकाळातल्या मावळ्यांविषयी आपण पोवाडे ऐकतो; विसाव्या शतकातला मावळा आपल्याला जेवण पोहोचवून गेला आणि त्याच्याकडे आपण पाहिलेही नाही. बाबांचा मुलगा तळेगावला कंपनीत जातो. मोटारसायकलवर जातो, यंत्रापुढे बसतो, मोटारसायकलवर परत येतो. तो चांगला मुलगा आहे. “मजूर लावू म्हनतो,” बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले. मी त्या मुलाच्या बाजूने काही तरी बोलणार होतो. पुन्हा तेच प्रवचन! ओठांवर आलेले गिळले आणि विचारले, “बाबा, मध्ये थकलात तर भारा वाटेत खाली का नाही ठेवत?”

“खाली ठिवला का परत उचलवत न्हाई.”

एवढे बोलून ते पुढच्या भाऱ्याकडे गेले.

मी त्या रात्री परतल्यावर डॉक्टरांनी दिलेला कागद पुन्हा काढला. त्यांनी औषध सुरू केले होते, रक्ताच्या तपासण्या केल्या होत्या. पुरुषांत अशा ठिसूळपणामागे पुष्कळदा दुसरे कारण दडलेले असते: दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, तंबाखू, पुरुषी संप्रेरकाची कमतरता, आणि मद्य. शेवटच्या शब्दापाशी आपल्या समाजाने जरा थांबावे. आपल्याकडे लग्नात, बारशाला, मयतालाही बाटली येते, आणि यकृताची चर्चा होते तेव्हा हाडे कोणालाच आठवत नाहीत. माझ्या बाबतीत यांपैकी काही सापडले नाही; फक्त ड जीवनसत्त्व फार कमी निघाले. पांढऱ्या झग्यात मान ते टाच झाकलेला आणि दिवसभर छपराखाली असणारा माणूस सूर्यप्रकाशाच्या देशातही अंधारातच राहतो.

कागदाच्या तळाशी लिहिले होते: भार देणारा व्यायाम, देखरेखीखाली. फिजिओथेरपिस्ट म्हणून भेटली ती माझ्याच हातून पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेली एक तरुणी. तिने मला प्रथम खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. दहा वेळा. आठव्या वेळी माझ्या मांड्या थरथरू लागल्या. मग टाचा उचलून झटक्याने जमिनीवर आपटणे, मग जिना, मग हातांत एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या, काही आठवड्यांनी दोन-दोन लिटरच्या. मी विचारले, या वयात हे करून काय मिळणार? तिने मला ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. पंचेचाळिशीपुढील, हाडे विरळ झालेल्या पुरुषांना आठवड्यातून फक्त दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजने उचलायला आणि उडीच्या धक्क्याचे व्यायाम करायला लावले. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची आणि खुब्याजवळच्या हाडाची घनता व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत सुधारलेली आढळली. सहभागी झालेल्यांचे सरासरी वय माझ्याहून बरेच अधिक होते. “पण म्हणून तुम्ही उद्यापासून सिमेंटची गोणी उचलू नका, फादर,” ती म्हणाली. कारण कच्च्या भिंतीवर एकदम मजला चढविला, तर ती खचते.

तिने मला एक गोष्ट करू नका म्हणून सांगितली तेव्हा मी चकित झालो. कमरेतून खोल वाकून पायाचे अंगठे धरू नका; मणक्यांची हाडे ठिसूळ असतील तर पुढे वाकताना ती चेपली जाऊ शकतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामाच्या मातीत वाढलेल्या तालुक्यात हे ऐकणे जरा धाडसाचेच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तेथे संस्था उभारली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आसनांना प्रयोगशाळेत आणले. श्रद्धेने चालत आलेली गोष्ट मोजून पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. मला वाटते, माझ्या या विद्यार्थिनीचे म्हणणे त्यांनी आनंदाने तपासून पाहिले असते. आसने मी सोडलेली नाहीत. एका पायावर उभे राहण्याचे वृक्षासन रोज करतो, कारण तोल सुधारला तर पडणे टळते, आणि जो पडत नाही त्याचे खुब्याचे हाड सहसा मोडत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा डेक्सा झाली. कण्याचा आकडा उणे २.६ वरून उणे २.४ वर आला होता, खुब्याचा होता तिथेच होता. माझा चेहरा पडलेला पाहून डॉक्टर म्हणाले, “जागच्या जागी राहिला, हीच कमाई समजा.” श्रेय औषधाचे किती आणि पाण्याच्या बाटल्यांचे किती, हे वेगळे काढता येत नाही असेही ते म्हणाले. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला.

धर्मग्रामात एक छोटा बदल मी केला आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्साला गर्दी मावत नाही म्हणून मंडपात प्लॅस्टिकच्या दीडशे खुर्च्या मांडतो. त्या उचलून कोठीत रचून ठेवण्याचे काम पूर्वी युवक मंडळाकडे होते. आता मी जाहीर केले आहे की, हे काम पन्नाशीपुढच्या पुरुषांचे. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली असेल त्यांनी करू नये, ज्यांना शंका असेल त्यांनी आधी विचारावे, एकावेळी एकच खुर्ची घ्यावी, कोठीच्या तीन पायऱ्यांवर कठडा धरावा. पहिल्या रविवारी सात जण आले. आता वीस-बावीस जण असतात, आणि खुर्च्या रचताना जे बोलणे चालते ते प्रवचनापेक्षा रंगतदार असते असे माझ्या कानावर आले आहे.

मागच्या रविवारी एक तरुण धावत माझ्याकडे आला. त्याचे वडील अडुसष्ट वर्षांचे. त्याने वडिलांच्या हातातली खुर्ची धरली होती आणि वडिलांनीही ती सोडली नव्हती. “फादर, पप्पांना कशाला? मी नेतो ना,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात तेच प्रेम होते, ज्याला मी तीन वर्षांपूर्वी शाबासकी दिली होती. मी काही बोलण्यापूर्वी पप्पांनी एक हलकासा हिसका देऊन खुर्ची मोकळी केली, कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत कोठीत गेले. मग दुसरी घेण्यासाठी परत आले.